पार्किन्सन्स: गोळी एका दिवसात बंद केली आणि त्यानंतर बाबांचं जे झालं

कृष्णाकाठ

आमच्या बाबांना पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, आहे. वय एकाहत्तर. सुरुवातीपासून प्रॅमिपेक्सोल चालू होतं, नंतर जोडीला सिंडोपा, म्हणजे लेवोडोपाची गोळी, आली. गेल्या वर्षी प्रॅमिपेक्सोलचा डोस वाढवला आणि हालचालीत खरंच फरक पडला. शर्टाची बटणं स्वतः लावायला लागले, सही पुन्हा बँकेत चालेल इतकी मोठी झाली. घरात सगळे खूश होतो.

मग आईच्या लक्षात आलं की हे रात्री झोपत नाहीत. बाबा म्हणजे पोस्टातली आरडी आणि पतसंस्थेतली एफडी यापलीकडे कधी न गेलेला माणूस. शेअर बाजाराला सट्टा म्हणणारे. आता रात्रभर यूट्यूबवर टिप्स देणाऱ्यांचे व्हिडिओ चालायचे आणि सकाळी सव्वानऊला बाजार उघडला की ऑप्शन ट्रेडिंग. उजवा हात जास्त कापतो, म्हणून फोन उशीवर ठेवून डाव्या हाताच्या बोटाने ऑर्डर टाकायचे. तेही बोट थरथरलं की एकाऐवजी दोन ऑर्डर जायच्या. पतसंस्थेतल्या ओळखीच्या माणसाने भावाला बाजूला घेऊन सांगितलं, "काकांनी दोन एफडी मोडल्यात, घरी ठाऊक आहे ना?" तेव्हा आम्हाला कळलं. बाबांना विचारलं तर चिडले. माझ्या आठवणीत ते आईवर पहिल्यांदाच ओरडले.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लगेच ओळखलं की हा प्रकार गोळीमुळे असू शकतो. त्याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे. पण ते म्हणाले, "मग ही गोळी आजपासून बंद." आणि ती त्याच रात्री पूर्ण बंद झाली.

ट्रेडिंगची ओढ महिन्याभरात खरंच ओसरली. पण बाबा आमचे राहिले नाहीत. बनियन पिळून काढावा इतका घाम. छातीत धडधड म्हणून दोनदा ईसीजी काढला, दोन्ही नॉर्मल. संध्याकाळ झाली की "मला एकटं सोडू नका" म्हणून आईचा हात धरून बसतात. अंग दुखतं, जेवण नको, नातू समोर आला तरी चेहऱ्यावर काही नाही. एकदा पहाटे कचऱ्याच्या डब्यात जुनी रिकामी स्ट्रिप शोधताना सापडले. सिंडोपा वाढवून दिली. त्याने चालणं ठीक झालं, पण घबराट जशीच्या तशी. आता डॉक्टर म्हणतात वय झालंय, हे मानसिक आहे.

मला हे मानसिक वाटत नाही. मला वाटतं गोळी सुटल्यामुळे हे होतंय. कोणाच्या घरी असं झालंय का? हे जातं का?

वऱ्हाडी_ठेचा

ताई, आमच्या घरी सेम गोष्ट, फक्त ट्रेडिंगऐवजी खाणं आणि खरेदी. माझ्या मोठ्या काकांना रोपिनिरोल चालू होतं. रात्री दोनला उठून फ्रिजमधलं सगळं संपवायचे आणि दिवसा ऑनलाइन हत्यारं मागवायचे, ड्रिल मशीन, पाने, करवती. मग ते सगळं खोलून पुन्हा जोडत बसायचे, तासन्‌तास. काकूला वाटे छंद लागला, बरं झालं. घरातला मिक्सर तिसऱ्यांदा खोलला तेव्हा तिला शंका आली.

तुमच्या बाबांचं हे मानसिक नाही. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, आजच फोन करा.

पारिजात

वाचून फार वाईट वाटलं. बाबांना एकटं ठेवू नका आणि त्यांना एवढं सांगा की यात त्यांची काही चूक नाही. हे रोज सांगावं लागतं. मी सविस्तर उद्या लिहिते.

शतावरी

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे. इथे बसून कोणाचा डोस ठरवणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांनी रुग्णाला बघूनच ठरवायचा. पण कृष्णाकाठ, तुम्ही जे वर्णन केलंय त्याला वैद्यकात नाव आहे आणि ते तुम्ही तुमच्या डॉक्टरांसमोर स्पष्ट घ्यावं म्हणून लिहिते.

पार्किन्सन्सच्या मुख्य औषधांत दोन वेगळे गट आहेत. लेवोडोपा (सिंडोपात असतं ते) मेंदूत जाऊन डोपामाइन बनतं, म्हणजे पार्किन्सन्समध्ये कमी पडणारं रसायन. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल ही डोपामाइन बनत नाहीत, ती डोपामाइनच्या जागी जाऊन स्वतःच बसतात. यांना अ‍ॅगोनिस्ट म्हणतात. ही औषधं डी-३ नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे डोपामाइन बसण्याच्या एका प्रकारच्या जागेला, विशेष घट्ट धरतात आणि हे रिसेप्टर मेंदूच्या ज्या भागात जास्त असतात तो भाग हालचालीचा नसून हवंहवंसं वाटण्याचा, बक्षिसाच्या आनंदाचा आहे. म्हणून जुगार, खरेदी, खादाडी, लैंगिक इच्छा बेसुमार वाढणं, एकच काम निरर्थक करत राहणं हे सगळं होऊ शकतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तीन हजारांहून जास्त पार्किन्सन्स रुग्ण तपासले होते. अ‍ॅगोनिस्ट घेणाऱ्यांत यापैकी काही ना काही १७ टक्क्यांना होतं, न घेणाऱ्यांत ७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे हे दुर्मीळ नाही. आम्ही डॉक्टर विचारत नाही आणि घरचे लाजेने सांगत नाहीत, म्हणून दुर्मीळ वाटतं.

आता बंद करण्याबद्दल. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी अ‍ॅगोनिस्ट कमी केलेल्या २६ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यातल्या ५ जणांना घबराट, घाम, नैराश्य, चिडचिड, अंगदुखी, थकवा आणि त्या औषधाची तीव्र ओढ असा त्रास झाला. पाचही जणांना आधी जुगार-खरेदीसारखा प्रकार झालेला होता. याला डोपामाइन अ‍ॅगोनिस्ट विथड्रॉअल सिंड्रोम म्हणतात, थोडक्यात डॉज. याची खूण अशी की लेवोडोपा वाढवून हालचाल सुधारते, पण हा त्रास हटत नाही. तुम्ही नेमकं हेच लिहिलंय. कचऱ्यातली स्ट्रिप शोधणं ही मला सगळ्यात बोलकी गोष्ट वाटली.

उपाय काय? खात्रीचं औषध आजही नाही. बऱ्याचदा अ‍ॅगोनिस्ट थोड्या प्रमाणात परत सुरू करून फार हळू, आठवड्या-आठवड्यांनी उतरवावं लागतं. त्या काळात पैशांचे व्यवहार घरच्यांनी हातात ठेवायचे. बहुतेकांचं काही महिन्यांत कमी होतं, काहींचं लांबतं, हे मी लपवत नाही. मन खूपच खचलं असेल, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येत असेल, तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

तुमच्या डॉक्टरांनी कारण बरोबर पकडलं, हेच बऱ्याच ठिकाणी होत नाही. गोळी कमी करायचीच होती. प्रश्न फक्त वेगाचा होता.

कृष्णाकाठ

शतावरीताई, किती आभार मानू. हा प्रतिसाद प्रिंट काढून आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे हे नाटक नाही." तिला कोणीतरी नाटक म्हणालं होतं, हे मला आज कळलं. परवाची अपॉइंटमेंट मिळाली आहे.

औदुंबर

मी स्वतः शुभार्थी, म्हणजे पार्किन्सन्सचा रुग्ण. एसटीतून निवृत्त, पार्किन्सन्स बरीच वर्षं. टाइप करायला वेळ लागतो, म्हणून दोन दिवस थोडं थोडं लिहून हे टाकतोय.

माझी अ‍ॅगोनिस्ट गोळी दोन वर्षांपूर्वी बंद केली. कारण भास आणि दिवसा गाढ झोप. जेवताना घास हातात धरून झोपायचो. गाडी चालवणं तर मी स्वतःहून बंद केलं, आयुष्यभर चालवून झाल्यावर. गोळी उतरवताना जे झालं ते बाहेरून दिसत नाही, म्हणून लिहितो. हात-पाय ठीक असतात. चालता येतं. पण सकाळी डोळे उघडले की काहीतरी भयंकर घडणार आहे असं वाटतं, आणि ते दिवसभर वाटतं. चहाला चव नाही. क्रिकेट लावलं तरी कोण जिंकतंय याची फिकीर नाही. आणि सतत मनात एकच, ती गोळी घेतली तर बरं वाटेल. दारू सोडणाऱ्यांचं हेच होत असणार, असं मला तेव्हा वाटलं. मी कधी दारूला शिवलेलो नाही.

माझ्या डॉक्टरीणबाईंनी तीन वेळा वेग कमी केला. मध्ये एकदा डोस तसाच धरून ठेवला, खाली आणलाच नाही. हळूहळू गेलं. आज ती गोळी नाही आणि मी बरा आहे. तुमच्या बाबांना माझ्यातर्फे सांगा, एक एसटीवाला यातून बाहेर आलाय.

अजून एक, बायकांना सांगतो. नवऱ्याने लैंगिक बाबतीत विचित्र वागायला सुरुवात केली तर गप्प राहू नका. आमच्या गटातल्या एका वहिनींनी हे वर्षभर सहन केलं, कोणाला सांगायचं म्हणून. औषध बदललं आणि थांबलं. डॉक्टरांना चिठ्ठी लिहून द्या, तोंडाने बोलता येत नसेल तर.

गोदातीर

औदुंबरकाका, नमस्कार करतो तुम्हाला.

विषय अ‍ॅगोनिस्टचा चाललाय, पण सिंडोपा अचानक बंद झाली तर त्याहून वाईट होतं, तेही इथे यायला हवं. माझ्या आईचं मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन ठरलं, आदल्या रात्रीपासून तोंडाने काही नाही. त्या "काही नाही"मध्ये सिंडोपाही गेली. ऑपरेशन पुढे ढकललं, आणखी एक दिवस उपाशी. नंतर उलट्या होतात म्हणून मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन. दुसऱ्या दिवशी आई लाकडासारखी कडक. मान वळेना, गिळता येईना, ताप १०३च्या वर, मला ओळखेना. वॉर्डातले म्हणत होते इन्फेक्शन असेल. मी फोनवर आमच्या न्यूरॉलॉजिस्टना गाठलं, त्यांनी तिथल्या डॉक्टरांशी बोलून नाकातल्या नळीतून सिंडोपा सुरू करायला लावली आणि सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारा रक्तातला घटक) तपासायला सांगितलं. तो भयंकर वाढलेला. आयसीयूत बरेच दिवस गेले. आई वाचली, पण पूर्वीसारखी चालली नाही पुन्हा.

मला राग येतो तो याचा, की यातलं काहीच नवीन नाही. दोन गोळ्यांमधलं अंतर तासांत मोजायचं असतं, हे आम्ही घरचे लोक जाणतो आणि वॉर्डात ते कोणाच्या कागदावर नसतं.

शतावरी

गोदातीर, तुमच्या आईंना जे झालं त्याला पार्किन्सनिझम-हायपरपायरेक्सिया म्हणतात. लेवोडोपा, अ‍ॅगोनिस्ट, अमँटाडीन, या पार्किन्सन्सच्या औषधांतलं काहीही एकदम थांबलं की होऊ शकतं. ताप, प्रचंड ताठरपणा, शुद्ध हरपणं, रक्तदाब वरखाली, स्नायू तुटून सीपीके वाढणं, त्यातून किडनीवर ताण. जीव जाऊ शकतो. पहिला उपचार म्हणजे बंद केलेलं औषध परत देणं.

लेवोडोपाचं शरीरातलं अर्धं आयुष्य साधारण दीड तासाचं, म्हणजे तेवढ्यात रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. त्यामुळे आजार पुढे गेलेल्या माणसात एक गोळी चुकली तर तासा-दोन तासांत फरक दिसतो. १९७० आणि ८०च्या दशकांत काही ठिकाणी "ड्रग हॉलिडे" म्हणून मुद्दाम काही दिवस लेवोडोपा थांबवत, औषधाचा परिणाम परत ताजा होईल या आशेने. न्यूमोनिया, रक्ताच्या गुठळ्या, हाच ताप, यांमुळे ती पद्धत सोडून द्यावी लागली. तरीही आपल्याकडे "शरीराला थोडी विश्रांती देऊ" म्हणून गोळ्या थांबवणारे नातेवाईक भेटतात. कृपा करून असं करू नका.

ऑपरेशनआधी उपाशी राहायचं असलं तरी बऱ्याचदा सकाळची लेवोडोपा घोटभर पाण्याबरोबर देता येते. हे भूलतज्ज्ञांना आधी विचारून लिहून घ्यायचं. आधी म्हणजे दाखल होतानाच, ऑपरेशन थिएटरच्या दारात विचारून उपयोग नाही. नळीतून द्यायची वेळ आली तर साधी गोळी पाण्यात विरघळवतात. सीआर म्हणजे हळू सुटणारी गोळी कुटून चालत नाही, तिच्याऐवजी साध्या गोळीचा डोस डॉक्टरांकडून बसवून घ्यायचा. आणि नळीतून प्रोटीनचं फीड सतत चालू असेल तर लेवोडोपा नीट शोषली जात नाही, त्यात अंतर ठेवायला सांगायचं.

उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड नको. चक्करेसाठी सर्रास देतात ते प्रोक्लोरपेराझीन नको. भ्रम झाला, रुग्ण रात्री ओरडतोय म्हणून हॅलोपेरिडॉल नको. ही तिन्ही मेंदूतलं डोपामाइन अडवतात. उलटीसाठी डॉमपेरिडोन चालतं, हृदयाचा त्रास असेल तर ईसीजी बघून.

मांडवी

पणजीहून. शतावरीताईंच्या यादीत एक भर घालते, कारण आमच्याकडे हेच झालं. माझ्या सासूबाईंना पार्किन्सन्स नव्हताच. अ‍ॅसिडिटीसाठी त्या बरेच महिने जी कॅप्सूल घेत होत्या तिच्यात पँटोप्रॅझोलबरोबर लेवोसल्पिराइड होतं. हात कापायला लागले, चाल बारीक झाली, चेहरा गोठल्यासारखा. पार्किन्सन्स म्हणून गोळ्याही सुरू झाल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी टेबलावर ओतायला लावली आणि ती कॅप्सूल बाजूला काढली. काही महिन्यांनी कंप गेला. चक्करेसाठीच्या सिनारिझीन, फ्लुनारिझीननेही असं होतं असं त्यांनी सांगितलं. ज्यांना खरा पार्किन्सन्स आहे त्यांचा या सगळ्याने वाढतो. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचा हो. गॅसची गोळी म्हणून कोणी औषधांत धरतच नाही.

रानमेवा

एवढ्या केमिकलपेक्षा कवचबीजाचं चूर्ण का घेत नाही? आयुर्वेदात कंपवातावर सांगितलंच आहे, नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही. माझ्या मामांनी सिंडोपा बंद करून चूर्णावर ठेवलंय.

शतावरी

रानमेवा, तुमच्या मामांची काळजी वाटली म्हणून लगेच लिहिते. कवचबीज, म्हणजे खाजकुयलीचं बी, पार्किन्सन्सवर काम करतं हे खरंच आहे. कारण त्यात लेवोडोपाच असतं, तेच जे सिंडोपात आहे. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी त्या बियांतून ते वेगळं काढून दाखवलं होतं. आपल्या वैद्यांचं निरीक्षण अचूक होतं, याचा मला अभिमान आहे. पण त्यामुळेच "साइड इफेक्ट नाही" हे खरं असू शकत नाही. औषध तेच, तर त्रासही तेच: मळमळ, रक्तदाब उतरणं, भास, अंग वेडंवाकडं हलणं. सिंडोपात कार्बिडोपा असतं, ते लेवोडोपाला मेंदूपर्यंत पोचण्याआधी वाया जाण्यापासून वाचवतं. चूर्णात ते नाही, आणि एका चमच्यात लेवोडोपा किती हे पुडीगणिक बदलतं. मामांना ताठरपणा वाढतोय का, ताप येतोय का, गिळताना ठसका लागतोय का, हे आज बघा. चूर्ण घ्यायचं असेल तर डॉक्टरांना सांगून, हिशोबात धरून. सिंडोपा बंद करून नको.

रानमेवा

मला हे ठाऊक नव्हतं. मामीला फोन केला, मामांना दोन दिवसांपासून पाणी पितानाही ठसका लागतोय म्हणे. उद्या सकाळी घेऊन जातो.

वऱ्हाडी_ठेचा

आज रात्रीच विचारा डॉक्टरांना, उद्यावर नका टाकू.

पारिजात

उशीर झाला लिहायला. मी इंग्लंडमध्ये, रेडिंगला असते, नवऱ्याला पार्किन्सन्स आहे. गोदातीर म्हणतात तो वॉर्डातला प्रकार इथेही होतो, म्हणून पार्किन्सन्स यूके या संस्थेने २००६ पासून "गेट इट ऑन टाइम" ही मोहीम चालवली आहे. इथल्या राष्ट्रीय मार्गदर्शक निकषांतही आता आहे की दवाखान्यात वा वृद्धाश्रमात लेवोडोपा त्या रुग्णाच्या ठरलेल्या वेळेच्या ३० मिनिटांच्या आत मिळाली पाहिजे. वॉर्डाच्या औषधफेरीची वेळ चालणार नाही, रुग्णाची वेळ. तरीही नवरा दाखल झाला तेव्हा मला भांडावं लागलं, पण निकष हातात असला की भांडायला जोर येतो. आपल्याकडे तसा कागद हातात नसेल तर घरच्यांनीच तो कागद करावा.

नवऱ्याला भास होतात त्याबद्दलही लिहिते. संध्याकाळी सोफ्याच्या टोकाला एक लहान मुलगी बसलेली दिसते त्याला. घाबरत नाही, म्हणतो "ती आली बघ." आमच्या डॉक्टरांनी आधी लघवीचं इन्फेक्शन आणि सोडियम तपासलं. मग औषधं एका क्रमाने कमी केली. आधी ट्रायहेक्सीफेनिडिल, मग अमँटाडीन, त्यानंतर बाकीची, आणि लेवोडोपाला शेवटपर्यंत हात लावला नाही. प्रत्येक पायरी हळू. अमँटाडीनही एकदम तोडलं तर गोंधळ, भ्रम वाढतो म्हणून. आता मुलगी क्वचित येते.

औदुंबर

ट्रायहेक्सीफेनिडिल मलाही होती. कंपाला छान, पण विसरायला व्हायचं, तोंड कोरडं, लघवी अडायची. वयस्क लोकांना ती अजून सर्रास चालू असते. विचारून घ्या डॉक्टरांना, हवी आहे का म्हणून.

बायाबापड्यांसाठी अजून एक. उपास. आमच्या सौच्या मावशी एकादशीला गोळ्या घेत नसत, आणि द्वादशीला त्यांना उठवता येत नसे. दरवेळी घरचे म्हणत उपासाने अशक्तपणा आला. गोळी उपासाला चालते हो, पांडुरंग रागावत नाही. उलट दूध, दही, शेंगदाण्याचं कूट यांतल्या प्रोटीनबरोबर घेतली तर लेवोडोपा आतड्यात अडते, म्हणून जेवणाआधी अर्धा तास, नुसत्या पाण्याबरोबर. रक्तवाढीची लोहाची गोळीही त्याच वेळी नको.

सायली_ठाणे

इतके दिवस नुसती वाचत होते. एक शंका. बाबांचं अंग गोळीनंतर तासाभराने साप वळवळल्यासारखं हलतं. आत्या म्हणते कंप वाढलाय, डोस वाढवून घ्या. खरं का?

शतावरी

सायली, बहुधा नाही. गोळीचा जोर सगळ्यात जास्त असताना होणारी ही वळवळ म्हणजे डिस्कायनेशिया, औषध जास्त पडल्याची खूण. कंप वेगळा, तो एका लयीत असतो आणि बहुधा हात स्वस्थ असताना दिसतो. डोस वाढवला तर हे वाढेल. मोबाइलवर व्हिडिओ काढा, गोळीची वेळ आणि व्हिडिओची वेळ लिहून ठेवा, डॉक्टरांना दाखवा. त्या एका व्हिडिओतून आम्हाला जेवढं कळतं तेवढं तपासण्याच्या टेबलावर कळत नाही.

बाबांना रासाजिलीन हे पार्किन्सन्सचंच आणखी एक औषध असेल तर एक जाता जाता सांगते, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉल ही वेदनेची गोळी त्याच्याबरोबर चालत नाही. दुकानातून थेट खोकल्याची बाटली आणू नका.

रानमेवा

मामांना काल रात्रीच दाखल केलं. सिंडोपा सुरू केली, ताप नव्हता, किडनी ठीक आहे. आज दोन शब्द बोलले. धागा वाचला नसता तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. शतावरीताई, ठेचाभाऊ, आभार.

कृष्णाकाठ

रानमेवा, किती बरं वाटलं.

आमचीही खबर देते. न्यूरॉलॉजिस्टनी बाबांशी एकट्याने बोलणं केलं, मग आम्हाला आत घेतलं. डॉज आहे असं त्यांचंही मत. प्रॅमिपेक्सोल अगदी कमी डोसवर परत सुरू केलं आहे, तिथे काही आठवडे थांबून मग फार सावकाश उतरवायचं. झोपेसाठी थोडं औषध आणि समुपदेशकाकडे पाठवलंय. उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी येते म्हणत होते, तर आडवं असतानाचा आणि उभं राहिल्यावरचा असा दोन्ही रक्तदाब मोजला. उभं राहिल्यावर बराच उतरत होता. ब्लडप्रेशरची जी गोळी ते जुनी म्हणून घेत होते ती कमी केली. एवढी साधी तपासणी, याआधी कोणी केली नव्हती.

पैशांचं असं केलं की बाबांच्याच संमतीने डिमॅट खातं बंद केलं, खात्याला आईचं नाव जोडलं आणि यूपीआयची मर्यादा उतरवली. सही करताना बाबा म्हणाले, "मी असा नव्हतो गं." भाऊ म्हणाला, "आम्हाला माहीत आहे ना." घाम अजून येतो, पण काल पहिल्यांदा नातवाला बुद्धिबळाचा पट मांडायला सांगितला. डाव अर्धाच खेळले, तरी खेळले.

औदुंबरकाका, तुमचा प्रतिसाद त्यांना दोनदा वाचून दाखवला. तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणतात, चालेल का?

आणि गोदातीर, पारिजात म्हणतात तसा कागद तुम्ही आईंसाठी केला असेल तर इथे द्याल का? बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे.

औदुंबर

चालेल काय, आज संध्याकाळीच लावा. पाच ते सात मी ऑन असतो, म्हणजे गोळीचा परिणाम चांगला असतो. व्यनि करतो नंबर. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसॉर्डर सोसायटी यांचे गट आहेत, तिथेही वहिनींना, म्हणजे तुमच्या आईला, घेऊन जा. शुभंकरांना, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्यांना, आपसात बोलायला जागा लागते.

गोदातीर

कागद देतो. शतावरीताईंनी वरून नजर टाकावी. हा फाइलच्या पहिल्या पानावर, पलंगाच्या डोक्याशी आणि माझ्या पाकिटात असतो. वेळा आणि डोस आपापले घाला.

"रुग्णाला पार्किन्सन्स आजार आहे. पार्किन्सन्सची औषधे एकही वेळ चुकवू नयेत, अचानक बंद करू नयेत. बंद झाल्यास तीव्र ताठरपणा, ताप व जिवाला धोका होऊ शकतो.

सिंडोपाच्या वेळा: स. ६, १०, दु. २, सायं. ६, रा. १०. वेळ वॉर्डाच्या फेरीप्रमाणे बदलू नये. जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर. औषधे घरच्यांकडेही आहेत, फार्मसीत नसल्यास आमच्याकडून घ्यावीत.

तोंडाने बंद ठेवायचे असल्यास आधी न्यूरॉलॉजिस्टशी बोलावे. गिळता येत नसल्यास नळीतून द्यावे. सीआर गोळी कुटू नये.

देऊ नये: मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझीन, हॅलोपेरिडॉल, लेवोसल्पिराइड.

न्यूरॉलॉजिस्टचा फोन, घरच्या दोन माणसांचे फोन."

शतावरी

उत्तम आहे. "देऊ नये"मध्ये भ्रमावर देतात ती रिस्पेरिडोन आणि ओलॅन्झापीनही घाला. रासाजिलीन किंवा त्याच गटातलं सेलेजिलीन चालू असेल तर ट्रामाडॉल आणि पेथिडीन ही वेदनेची औषधंही. कृष्णाकाठ, मोतीबिंदूचं ऑपरेशन शक्यतो गोळीचा परिणाम चांगला असतो त्या वेळेला लावून घ्या, आणि मान व हात वळवळत असतील तर नेत्रतज्ज्ञांना आधीच सांगा, स्थिर पडून राहावं लागतं.